साइडकार डावीकडेच

अंबरनाथ

स्नेही मित्रवर्य यांस,


दुसऱ्या महायुद्धातील साइडकारच्या लष्करी मोटारसायकलीची प्रतिकृती, म्हणजे मूळ गाडीच्या मापाबरहुकूम नव्याने घडवलेले वाहन, बदलापूरच्या गाळ्यात उभी करण्याचा आपला संकल्प मनापासून स्वागतार्ह आहे. परंतु त्यासाठी निवडलेला जर्मन नमुना या परिसराच्या इतिहासाशी जुळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आपण निवडलेली बीएमडब्ल्यूची आर ७५ ही १९४१ ते १९४४ या काळात तयार झालेली गाडी यंत्र म्हणून असामान्य होती, कारण तिच्या साइडकारचे चाकही इंजिनाच्या शक्तीने फिरत असे, मागे जाण्यासाठी स्वतंत्र गिअर असे आणि चिखलात एकच चाक जागच्या जागी फिरत राहू नये म्हणून डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत शक्ती वाटून देणारी दातेरी चक्रांची रचना, जखडून ठेवता येत असे. आपण आधाराला घेत असलेल्या बुलेट मोटारसायकलीच्या एकाच उभ्या सिलिंडरभोवती पत्रा ठोकून आर ७५ च्या दोन आडव्या सिलिंडरांचा भास उभा केला, तर यातले काहीच हाती लागत नाही. शिवाय जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्याने तेथील साइडकार उजवीकडे असते. तशी ती आपल्याकडच्या, डाव्या बाजूने वाहने चालणाऱ्या काटई रस्त्यावर आणली, तर साइडकारमध्ये बसलेला माणूस समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला येतो.

आता परिसराच्या इतिहासाविषयी. शेजारचे उल्हासनगर म्हणजे मुळात महायुद्धकाळातील कल्याणची लष्करी छावणीच होय. फाळणीनंतर तिच्या बॅरॅकींत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिला आजचे नाव मिळाले, तरी लोकांच्या बोलण्यात आणि पत्त्यांत ‘कॅम्प’ व ‘बॅरॅक’ हे शब्द अजून जिवंत आहेत. त्या छावणीच्या मातीला शोभेल ती ब्रिटिश सैन्याची बीएसए एम २०. हिचे ४९६ घनसेंटीमीटरचे एकसिलिंडरी इंजिन साइड-व्हॉल्व्ह पद्धतीचे, म्हणजे झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला असलेले होते; ते वेगवान नव्हते, पण दुरुस्तीला सोपे होते, आणि महायुद्धात अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. ‘शोले’मधील साइडकारची गाडीही याच जातीची.

बुलेटवरून एम २० घडवणे सोपे नाही. बुलेटचा पुढचा चिमटा दुर्बिणीसारखा नळीत नळी सरकणारा असतो, तर एम २० चा चिमटा दांड्यांचा असून मध्ये एकच मोठी स्प्रिंग असते. एम २० चे मागचे चाक चौकटीला थेट जखडलेले असल्याने खड्ड्यांचा धक्का शोषण्याचे काम सीटखालच्या स्प्रिंगांवरच पडते. परंतु ज्या अंबरनाथमध्ये १९५३ पासून संरक्षण खात्याची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी आहे आणि जेथील औद्योगिक वसाहतीत लेथवर हात बसलेले टर्नर-फिटर आहेत, तेथे असा चिमटा घडवता न येण्याचे कारण दिसत नाही. खरी कसोटी साइडकार जोडण्यात आहे. साइडकारच्या वजनाने आणि चाकाच्या घर्षणाने गाडी सतत डावीकडे ओढली जाते, म्हणून साइडकारचे चाक पुढच्या अंगाला किंचित आत वळवून आणि मोटारसायकल साइडकारपासून किंचित बाहेर कलती ठेवून तो ओढा तोलावा लागतो. डाव्या वळणावर मोकळी साइडकार उचलली जाते, तेव्हा तिच्या तळाशी वजन ठेवल्याशिवाय पहिली फेरी मारू नये.

कायद्याची बाजूही नाजूक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांहून वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरले. तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांनाच. म्हणून वेल्डिंगचे पहिले टाके पडण्याआधी कल्याणच्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी, आणि परवानगी न मिळाल्यास गाडी प्रदर्शनापुरतीच ठेवावी.

एका गोष्टीविषयी मात्र तडजोड नसावी. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असे आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावला जाई, ही गोष्ट इतकी सांगितली गेली आहे की तेथील कुशल कारागिरांच्या खऱ्या कामालाही संशय चिकटून बसला. प्रतिकृती आणि बनावट वस्तू यांत हाताच्या कौशल्याचा फरक नसतो. पहिली आपले जन्मस्थान सांगते, दुसरी ते लपवते. १९४२ चा खोटा क्रमांक ठोकलेली गाडी, कितीही हुबेहूब असली, तरी बनावटच ठरते. तेव्हा साइडकार डावीकडे लावावी, आणि चौकटीवर सहज वाचता येईल अशी पितळी पट्टी बसवून तिच्यावर बदलापूरचे नाव, घडवणाऱ्या प्रत्येक कारागिराचे नाव आणि घडवल्याचे खरे साल कोरावे, ही आग्रहाची विनंती.


आपला स्नेहांकित