समुद्र हटतो, पण हिशेब कोणाच्या नावावर?

समुद्र बुजवून जमीन करता येते काय आणि ती परवडते काय, असे वस्तीतील तरुण आम्हाला विचारतात. करता येते, यात शंका नाही. मुंबईच मुळी सात बेटांमधल्या खाड्या बुजवून एक झाली आहे.

कृती सांगायला सोपी आहे. समुद्रात दगडी बांध घालायचा, आत गाळ, मुरूम, दगड भरायचा आणि तो बसू द्यायचा. खर्च मात्र पुढे वाढत जातो. मऊ गाळ वर्षानुवर्षे खचत राहतो, म्हणून इमारतींचे पाये खोल न्यावे लागतात. भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की पाणी बाहेर जात नाही, त्यासाठी पंप लागतात. बांधाची डागडुजी तर कायमची.

आमच्या समाजाला ठाऊक असावे असे उदाहरण बॅक बे योजनेचे आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले. समुद्रातून ११४५ एकर जमीन काढायची होती. सुरुवातीचा अंदाज पावणेचार कोटींच्या आतला होता, तो लवकरच दुपटीजवळ गेला. गाळ उपसण्याचे काम अपेक्षेपेक्षा मागे पडले, भरलेला गाळ बांधातून निसटू लागला. खुर्शेद नरिमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला. १९२६ साली चौकशी समिती बसली. अखेर हाती आली ती सुमारे ४४० एकर. त्यातलाच भाग म्हणजे आजचा मरीन ड्राईव्ह.

याच खात्याचे दुसरे काम म्हणजे बी. डी. डी. चाळी! कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या ठरल्या होत्या. त्यासाठी कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवला. बांधल्या गेल्या २०७ चाळी, खोल्या साधारण साडेसोळा हजार. खर्च वाढला, पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या, ही कारणे होतीच. परंतु समुद्राकाठी श्रीमंतांची घरे उभी राहिली आणि नायगाव-वरळीत आमची माणसे १६० चौरस फुटांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या २०२५ साली.

आता मुंबईत किनारी रस्ता झाला. त्यासाठी शंभरहून अधिक हेक्टर भराव पडला आणि एकूण खर्च १४ हजार कोटींच्या घरात गेला. वरळीच्या कोळी बांधवांनी होड्यांच्या वाटेसाठी भांडून पुलाच्या खांबांमधले अंतर ६० ऐवजी १२० मीटर करून घेतले. ते भांडले नसते तर त्यांचे नुकसान कोणत्याच रकान्यात दिसले नसते.

आम्ही पेशाने कारकून, आकड्यांशी आमचा रोजचा संबंध. आमचे म्हणणे एवढेच, की 'परवडते काय' हा प्रश्न अर्धा आहे. कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी, हा उरलेला अर्धा.

बॅक बेचा गाजावाजा चालू होता त्याच काळात, १९२५ साली, बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थकारणावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरकारी खजिन्याचा हिशेब वाचणे हेही त्यांनी आपल्याला दिलेले शस्त्र आहे. बांधवांनो, आपल्या मुलांना अंदाजपत्रक वाचायला शिकवा. ज्याला हिशेब कळत नाही त्याच्या नावावर फक्त खर्च पडतो.