विकलेलं खातं

त्याचा जन्म बँकेतला. क्रेडिट कार्डावर चाळीसेक हजारांची उधारी, महिन्याला किमान रक्कम भरली की गप्प बसणारं. मग कुणाची नोकरी जाते, कुणाचं आजारपण निघतं, भरणा थांबतो. 90 दिवस उलटले की बँक त्याला एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, टाकते, काही काळ तगादा लावते आणि शेवटी त्याच्यासारख्याच शेकडो खात्यांचा गठ्ठा करून विकून टाकते. घेणाऱ्या असतात 2002 च्या सरफेसी कायद्याने उभ्या राहिलेल्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्या. बिनतारण कर्जाचा असा गठ्ठा मूळ रकमेपेक्षा खूप स्वस्तात जातो. कर्जदाराकडे मागणी मात्र पुरी, व्याज आणि दंड चढवून.

मालक बदलला की या खात्याचा स्वभाव बदलतो. सगळ्यात आधी ते आपलं वय लपवायला लागतं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंकडे ते आलं, ते त्यांच्या दिवंगत यजमानांच्या नावाने. पत्रावर कधी न ऐकलेल्या कंपनीचं नाव, पुढे ‘ट्रस्ट’ आणि एक आकडा. खाली ठळक अक्षरांत एकच रक्कम, एक लाख सत्तर हजार. मुद्दल किती, व्याज किती, शेवटचा भरणा कधीचा, यातलं एक अक्षर नाही. ‘लोकअदालत’ हा शब्द मात्र लाल रंगात, अधोरेखित. काकूंना ते कोर्टाचं समन्स वाटलं. रात्री नऊला फोन आला होता, “काकू, आज पाच हजार टाका आणि एका कागदावर सही करा, फाइल थांबवतो.” त्यांनी पैसे काढूनही ठेवले होते.

या सहीसाठीच खात्याचा जीव अडकलेला असतो. मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा बिनतारण कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. त्याआधी देणं मान्य केल्याची लेखी सही मिळाली, किंवा थोडे पैसे भरून त्याची सहीनिशी नोंद झाली, की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मुदत उलटून गेल्यावरही कर्जदाराने ‘फेडतो’ असं सहीनिशी लिहून दिलं तर 1872 च्या करार कायद्याचं 25 वं कलम त्या वचनाला धरून ठेवतं. मुदत संपल्याने देणं पुसलं जात नाही, कंपनी मागू शकते. पण कोर्टातली तिची बाजू लंगडी पडते. हे फोनवरचा माणूस कधी सांगत नाही, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

काकूंच्या बाबतीत तर देणं त्यांचं नव्हतंच. मृताच्या कर्जाला वारस जबाबदार असतो तो वारशात आलेल्या मालमत्तेपुरता. काकूंच्या स्वतःच्या पेन्शनला हात लावता येत नाही. लोकअदालतीत तडजोड होते ती दोघांच्या संमतीने, कुणावर लादून नाही. आणि रात्री नऊचा फोन? वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलं आहे, आणि त्यात या कंपन्याही आल्या.

खरं देणं फेडावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण फेडणाऱ्याला आधी कागद बघायचा हक्क आहे: मूळ करार, सगळी स्टेटमेंट्स, बँकेने खातं विकल्याचा दस्त. तडजोडीचा आकडा आधी लेखी घ्यावा, पैसे कंपनीच्याच खात्यात भरावेत, एजंटच्या नव्हे, आणि ‘नो ड्यूज’चं पत्र मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. कमी रकमेत मिटवलं तर सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज देणारा तो बघतो, हेही हिशेबात धरावं.

काकूंनी सही केली नाही. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं आणि हेच सगळे कागद मागितले. उत्तरादाखल एक पान आलं. त्यावर तोच एक लाख सत्तर हजारांचा आकडा होता आणि शेवटच्या भरण्याच्या तारखेचा रकाना कोरा होता. काकूंनी लगेच दुसरं पत्र लिहायला घेतलं, या वेळी फक्त ती तारीख मागणारं.