अण्णांची बॅटरी

आमच्या घरात एकूण तीन वाहने आहेत. चिरंजीवांची सायकल, माझे दोन पाय आणि अण्णांची विजेवरची स्कूटर. पहिली दोन मुलुंडच्या खड्ड्यांत अधूनमधून मुरगळतात. तिसरीने मात्र यंदा जून महिन्यात एकाएकी बसकणच मारली.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे शहात्तर. उमेदीच्या काळात त्यांनी चेतक दामटली. पुढे लायसन्सची मुदत संपली, तेव्हा त्यांनी ही गाडी घेतली. अडीचशे वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असला, की लायसन्स लागत नाही, हा सरकारी नियम अण्णांना तोंडपाठ आहे. महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय, भाजीबाजार आणि भांडुपचे एक जुने स्नेही, एवढे त्यांचे त्रिस्थळ.

नवी असताना गाडी एका चार्जिंगमध्ये आरामात ५० किलोमीटर जाई. मग स्नेह्यांकडे जाणे बंद झाले. मग भाजी. एकदा शाळेतून परतताना पाहतो, तो अण्णा हँडल धरून गाडी ढकलीत चालले आहेत. मला पाहताच म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना!"

जूनमध्ये ती अजिबात चालेना, तेव्हा मी म्हणालो, "पावसाळा संपला की बघू." खरे सांगायचे तर मला हायसे वाटले होते. या वयात त्या रहदारीत कशाला? पण तसे तोंडावर सांगण्याची छाती नव्हती. आयतेच बॅटरीने सांगितले.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांची पुस्तके मी बदलून आणू लागलो. ती त्यांना आवडत नसत. मी स्वतःच्याच कादंबऱ्या वेष्टन बदलून आणतो की काय, अशी त्यांना शंका असावी.

सप्टेंबरात एका रात्री सौभाग्यवती म्हणाली, "अहो, अण्णा रोज सकाळी खाली जाऊन गाडी पुसून येतात. ठाऊक आहे का तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी गाडी टेंपोत घालून मी आणि अण्णा बॅटरीवाल्याकडे गेलो. पंचविशीचा पोरगा, पण नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखा गंभीर. सीटखालून त्याने शिशाच्या चार बॅटऱ्या बाहेर काढल्या. सगळ्यांचे मिळून तीस किलोंच्या वर वजन. रात्रभर चार्ज करून ठेवल्या आणि सकाळी मीटर लावला. तिघी बारा व्होल्टवर रेंगाळत होत्या, चौथी साडेदहावर. प्रत्येकीत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात. चौथीचा एक कप्पा मेला होता.

"मग तेवढी एकच बदल की!" मी म्हणालो. विज्ञानाशी माझी ओळख मॅट्रिकपुरतीच आहे.

"नाही सर. चारही एका माळेत आहेत. जुन्या लवकर रिकाम्या होणार, नवी मात्र भरलेली. ओढाताणीत नवीही वाया जाईल." मग त्याने विचारले, "किती दिवस चार्ज न करता उभी होती?"

"तीन महिने," अण्णा म्हणाले.

"तेच तर! रिकामी ठेवली की शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर धरतो. मग वीज आत शिरतच नाही. वेळेवर आणली असती, तर थोडे दिवस तरी ओढली असती."

मी दुकानाच्या छताकडे पाहत राहिलो. अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्याचेच जास्त लागले.

आता निवड. पुन्हा शिशाच्या चार घेतल्या तर साडेअकरा हजार, टिकणार दोन-तीन वर्षे. (हा शोध १८५९ सालचा, प्लांते नावाच्या फ्रेंच गृहस्थाचा. आपल्याकडे सत्तावन्नच्या बंडाची धूळ नुकती कुठे खाली बसत होती.) लिथियमची घेतली तर नव्या चार्जरसकट चोवीस हजार, वजन तिसऱ्या हिश्शावर आणि आयुष्य सहा-सात वर्षांचे. २०२२ साली स्कूटरांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या आणि पुढे सरकारने नियम कडक केले, तेव्हापासून सुटे सेल जोडून देणे आपण सोडले, नियमात बसणारी तयार पेटीच देतो, असेही पोरगा म्हणाला.

"शिशाचीच दे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ती तीन वर्षंसुद्धा—"

"मला पुरे तीन वर्षं. सात वर्षांची घेऊन करू काय?"

पोरगा पक्कड पुसू लागला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग शाळामास्तरच मदतीला धावला. म्हणालो, "अण्णा, या लिथियमच्या बॅटरीसाठी २०१९ साली तिघांना नोबेल मिळालं. त्यांतले गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते!"

"त्यांनी बॅटरी केली रे," अण्णा म्हणाले, "चालवली थोडीच!" पण हसले.

मी लिथियमची घेतली. जुन्या चौघींचे शिसे वितळवून पुन्हा वापरतात. म्हणून त्यांचे वजनावर थोडे पैसे सुटले. ते अण्णांनी मोजून माझ्या खिशात घातले.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अण्णा ग्रंथालयात म्हणून गेले. बारा वाजले. एक वाजला. फोन उचलीनात. सौभाग्यवतीने पाने घेऊन पुन्हा झाकून ठेवली. मी गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. दीड वाजता फाटकातून गाडी आली, पायाशी पुस्तकांची पिशवी.

"भांडुपला जाऊन आलो," अण्णा म्हणाले. "पल्ला तपासायला नको?"

मी चार्जर शोधायला आत गेलो.