सांगलीची स्टेपनी

आमच्याकडे १९६४ सालचा बेडफर्ड ट्रक आहे. मंडळाच्या कार्यक्रमात मी हे सांगितलं की समोरची वहिनी आधी हसते आणि मग विचारते, "ठेवता कुठे?" एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये, महिन्याच्या भाड्याने. भाडं किती ते मी माहेरी सांगितलेलं नाही.

हे खूळ नवऱ्याचं, पण त्याचं मूळ सांगलीत आहे. माझे सासरे, आप्पा, सत्तरच्या दशकात हळद आणि गूळ भरून सांगली-मुंबई बेडफर्ड चालवायचे. त्यांची गाडी कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने बांधलेली, आमची इथली, डन्स्टेबलची. बोनेटचं नाक दोघींचं सारखंच. आप्पा पुढच्या उन्हाळ्यात येणार आहेत. नातवंडांना शेजारी बसवून एक फेरी मारायची, एवढाच त्यांचा हट्ट आहे.

इंजिन सुरू झालं, ब्रेक झाले, आणि मग चाकं उतरवली. मागे जोडचाकं, म्हणजे सहा आणि एक जादा अशी सात. त्यांतली तीन बाद निघाली.

या जुन्या चाकांची रचना समजून घेतल्याशिवाय बाद म्हणजे काय ते कळत नाही. रिमची एक कड पक्की असते. दुसऱ्या बाजूने टायर चढवून, तो निसटू नये म्हणून वर पोलादी रिंग बसवतात. ही लॉक रिंग रिमच्या खोबणीत अडकते आणि आतली हवाच तिला जागेवर दाबून धरते. खोबण गंजली किंवा रिंग नीट बसली नाही, तर हवा भरताना ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. माणसं मेली आहेत त्याने. मिरजेच्या नाक्यावरचा पंक्चरवाला हवा भरताना चाकात टॉमी अडकवून "लांब सरका" म्हणून का ओरडायचा, ते मला इथे येऊन समजलं. इथे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरतात.

दिराने फोनवर सल्ला दिला, "वेल्डिंग मारून घ्या की." गंजून पातळ झालेल्या खोबणीला वेल्डिंग मारून वर नातवंडं बसवायची? तो विषय मी तिथेच संपवला. दुसरा मार्ग होता आजच्या एकसंध रिमचा, ट्यूबलेस टायरसकट. रिंग नाही, धोका नाही, टायर कुठेही मिळतात. पण तशी चाकं लावलेला एक ट्रक आम्ही पाहून आलो. नऊवारी नेसलेल्या बाईने पायांत स्पोर्ट्स शूज घालावेत तसा तो दिसत होता. नवरा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही.

म्हणून त्याच घडणीची, पण धडधाकट चाकं शोधायची ठरली. सप्टेंबरात ब्यूलीला गेलो. न्यू फॉरेस्टमधल्या मोटार संग्रहालयाच्या आवारात १९६७ पासून जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजार डोळ्यांसमोर आणा, त्यात चिखल आणि गमबूट घाला. चाकं ढिगांनी होती. पण बोल्टची संख्या जुळली तर बोल्टच्या वर्तुळाचा व्यास जुळेना, तो जुळला तर मधलं भोक लहान. सगळ्यात फसवं माप म्हणजे चाकाची तबकडी रिमच्या किती आत बसते ते. जोडचाकांत त्यावर दोन टायरमधली फट ठरते. फट कमी पडली की टायर एकमेकांना घासून तापतात. शिवाय एका रिमची रिंग दुसऱ्याला चालेलच असं नाही. दुपारपर्यंत दोन चाकं मिळाली, आपापल्या रिंगांसकट.

"एक स्टेपनी पण हवी," मी सवयीने म्हणाले. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. आपण ज्याला इंग्रजी समजतो तो शब्द इंग्रजांना माहीतच नाही! खरं तर तो वेल्समधला. लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. मोटारीला जादा चाक नसण्याच्या काळात, १९०४ साली, त्यांनी पंक्चर चाकावर अडकवायची टायरसकट रिम काढली. इथे नाव पुसलं गेलं, आपल्याकडे मात्र प्रत्येक ट्रकखाली टिकलं.

ती स्टेपनी मिळाली सांगलीच्या भंगारात. दिराने टेप लावून लावून फोटो पाठवले आणि सगळी मापं जुळली. ओळखीच्यांच्या घरसामानातून ती जहाजाने आली. छंदी मंडळींपैकी एकाने नाक मुरडलं, म्हणे डन्स्टेबलच्या गाडीला हिंदुस्थानी चाक अस्सल नव्हे. रस्त्यावर धावायची चाकं इथलीच आहेत, पण टांगलेलं चाक आमच्या घरच्या गाडीचं आहे, आणि माझ्या हिशोबात ते बाकीच्यांहून अस्सल आहे.

टायरच्या बाबतीत मात्र अस्सल-बिस्सल काही ऐकून घेतलं नाही. २०१२ मध्ये सरेमधल्या ए-३ रस्त्यावर १९ वर्षांहून जुना टायर फुटून कोचमधल्या तिघांचा जीव गेला. १ फेब्रुवारी २०२१ पासून लॉरी आणि कोचच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर चालत नाही. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, धंद्यात नसलेल्या गाड्यांना कायद्याने सूट दिली आहे. मी दिली नाही. सहाही टायर नवे घेतले.

स्टेपनीवर टायर चढवून झाल्यावर पोरं लगेच तिच्यावर चढून बसली. तसंच व्हिडिओ कॉलवर आप्पांना दाखवलं. रंग नाही, टायरची कंपनी नाही, त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, "सूनबाई, हवा भरलीय का तिच्यात? मग पोरांना आधी तिथनं उठीव."