संपणारं पान

२०१९च्या नोव्हेंबरात ट्विटरवरची बरीच भारतीय मंडळी एकाएकी ट्विटरसारख्याच मॅस्टोडॉनवर गेली. निमित्त होतं सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं खातं बंद होण्याचं. गर्दीत एकट्यानेच नाझी सलाम न करणाऱ्या माणसाचा जुना फोटो त्यांनी लावला होता; तोच म्हणे आक्षेपार्ह! तेव्हा मीही तिकडे खातं काढलं. तिथे एक मालक नाही. प्रत्येक सर्व्हर वेगळ्याच कुणाचा तरी, नियम त्याचे. तरी ईमेलसारखं इकडून तिकडे बोलता येतं. नाही पटलं तर बिऱ्हाड हलवायचं, फॉलोअर सोबत येतात. (जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात.)

माझ्या ओळखीतले बहुतेक लवकरच परतले. करमेना म्हणाले. खरंय, भांडणं शोधून वर आणणारं यंत्र तिथे नाही, जाहिराती नाहीत. पोस्ट लागतात त्या वेळेच्या क्रमाने. आज घाटकोपरहून स्लो लोकलच्या गर्दीत उघडलं, तर वर पवई तलावावरचा बगळा, खाली कुणाची तरी लिनक्सची अडचण आणि तिला शांतपणे दिलेली उत्तरं. भांडुप यायच्या आत वाचून संपलं. संपतं, हेच मला आवडतं.

सोसायटीत टँकर कधी येणार ते मात्र व्हॉट्सॲपवरच कळतं. ते काढून टाकायची अजून छाती होत नाही.