देगा वाहणारी गाडी

मुंबईच्या उपनगरांत पिकअपला कोणी पिकअप म्हणत नाही. तीन चाकांची असो की चार, सामान वाहते ती गाडी म्हणजे टेम्पो. आमच्याही घरी तिला टेम्पोच म्हणतात. घाटकोपरला आमचा देगा आणि भांडी भाड्याने देण्याचा धंदा आहे. निकाह, वलीमा, अकीका, रमजानमधली मोहल्ल्याची इफ्तार, जिथे शंभर माणसे जेवणार तिथे आमच्या देगा जातात. अब्बांच्या काळी त्या हातगाडीवर जात. पुढे बरीच वर्षे भाड्याच्या टेम्पोवर. 2021 मॉडेलची ही पिकअप आम्ही तीन वर्षांपूर्वी जुनी घेतली, तीही रोखीने. व्याजाच्या हप्त्यावर गाडी आणायची नाही हे घरात ठरलेले होते. त्यामुळे दोन वर्षे थांबावे लागले आणि शेवटी मोठ्या वहिनींची भिशी लागली तेव्हा रक्कम पुरी झाली. हा लेख ‘आम्ही’ म्हणून लिहिला आहे, कारण गाडीत तिघा भावांचा पैसा आहे, वहिनींचा आहे आणि भाच्याची मेहनत आहे.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, जाहिरात केल्यासारखे वाटायचे. पण मुंबईच्या गाड्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आज कांदिवलीला जिचा कारखाना आहे ती महिंद्र कंपनी 1945 साली सुरू झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलले. आमच्या भाच्याला हे खरेच वाटेना.

आता मूळ विषयावर येऊ. गाडी आली तेव्हा तिचा हौदा कोरा पत्र्याचा होता. देग गोल, खाली निमुळती आणि आतून कल्हई केलेली. ब्रेक लागला की ती पत्र्यावर सरकते आणि दुसऱ्या देगेवर आपटते. म्हणून पहिला बदल केला तो जाड रबरी चटईचा. दुसरा बदल दोर बांधायच्या कड्यांचा. कड्या पत्र्याला नाही, खालच्या आडव्या पट्टीला बोल्टने बसवल्या, कारण पत्रा ताण सोसत नाही, फाटतो. तिसरा बदल पावसाळ्यासाठी काढता-घालता येणाऱ्या पाइपच्या कमानींचा, वर ताडपत्री टाकण्यासाठी. फाळक्याच्या बिजागऱ्या झिजल्या होत्या, त्या नव्या टाकल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बरेचसे सामान मिळाले. एवढ्याने आमचे काम भागले.

भाच्याचे भागले नाही. तो आयटीआय शिकलेला, हाताला गुण आहे, आणि त्याच्या मोबाइलमध्ये सजवलेल्या पिकअपचे फोटो आहेत. पुढे जाडजूड लोखंडी गार्ड, टपावर झगझगीत दिव्यांची रांग. गार्डचा विषय लवकर मिटला. केंद्र सरकारने 2017 च्या अखेरीसच राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितले आहे. धडक बसली की गार्ड तो धक्का थेट चेसीकडे नेतो, आणि रस्त्यावरच्या पायी माणसाला तर तो ठारच करतो. दिव्यांना मोठ्या भावांनी एका वाक्यात नकार दिला: समोरून येणाराही कोणाच्या तरी घरचा आहे.

खरा वाद झाला तो पाट्यांवरून. गेल्या थंडीत मुंब्र्याहून नऊशे माणसांच्या वलीम्याची ऑर्डर आली. देगा, पराती, ताटे, पाण्याचे ड्रम, सगळे एका खेपेत हवे होते. भाचा म्हणाला, मागच्या कमानीत दोन पाटे जास्त टाकून घेऊ, अर्ध्या दिवसाचे काम आहे, सगळेच टाकतात. सगळेच टाकतात हे खरे आहे. कोणत्याही नाक्यावर उभे राहून बघावे.

आम्ही आधी एक केले. सगळे सामान भरले आणि गाडी वजनकाट्यावर नेली. आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की माल किती घेता येतो ते कळते, आणि त्यात केबिनमध्ये बसलेली माणसेही आली. आमच्या गाडीला 1,300 किलो चालतात. काट्यावर माल आणि माणसे मिळून 1,540 भरले.

भाच्याचे म्हणणे, 240 किलोंनी काय होते? धाकट्या भावांनी त्याला गाडीखाली झोपवून दाखवले. पाटे वाढवले की कमान कडक होते, पण ब्रेक तेवढेच राहतात, ॲक्सल तोच, टायर तेच, चेसी तीच. शिवाय पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, आमच्यातही आहे. माल भरला की गाडी खाली बसते, त्यावरून तो व्हॉल्व्ह ओळखतो की आता मागच्या चाकांना ब्रेकचा जोर जास्त द्यायचा. कमान कडक केली तर गाडी खाली बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि नेमक्या भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. परत येताना रिकाम्या गाडीची मागची चाके खड्ड्याखड्ड्याला उडतात ती गोष्ट वेगळीच. हे ऐकल्यावर भाचा गप्प झाला. पटले की नाही, सांगता येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला आपल्या मनाने फरक करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. जादा माल भरला तर दंड 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो तो वेगळा. पण खरे सांगायचे तर त्या रात्री घरात दंडाची चर्चा कमी झाली. अब्बा जिवंत असताना देग मोजून देत आणि मोजून घेत. सूरह रहमानमध्ये तराजूचे जे सांगितले आहे ते फक्त वाण्यासाठी नाही, असे अम्मी म्हणाल्या आणि उठून गेल्या.

आम्ही दोन खेपांचा दर सांगितला. ऑर्डर दुसरीकडे गेली. भाचा अजून तिचा हिशेब काढतो.

हौद्यात माणसे बसवायची नाहीत, हाही घरचा नियम आहे, आणि त्यावरून नातेवाईक जास्त रुसतात. लग्नाला जाताना ‘टेम्पो रिकामाच तर चाललाय’ म्हणून बायका-मुलांना मागे चढवायची आपल्याकडे सवय आहे. आम्ही रिक्षाचे पैसे देतो, पण चढू देत नाही.

देखभालीत सर्वांत जास्त त्रास दिला तो काजळीच्या गाळणीने. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर अशी गाळणी येऊ लागली. काजळी तिच्यात साठते आणि धूर पुरेसा तापला की आपोआप जळून जाते. घाटकोपर ते कुर्ला, कुर्ला ते गोवंडी, दोन किलोमीटरला पाऊण तास, अशा चालीने धूर तापत नाही. मग समोरच्या काट्यांमध्ये दिवा लागतो. त्यावर आमचा उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा फजरनंतर रस्ता मोकळा असताना गाडी पूर्व द्रुतगती मार्गावर काढायची, एका चालीने मुलुंड चेकनाक्यापर्यंत आणि परत. धाकटे भाऊ अम्मींना शेजारी बसवून नेतात, त्यांनाही हवा लागते. इंजिन ऑइलही या गाळणीला चालणारे, पुस्तिकेत लिहिलेलेच घालावे लागते, थोडे महाग पडते. एका ठिकाणी गाळणीच काढून कॉम्प्युटरमध्ये ‘सेट’ करून देतो, असे सांगण्यात आले. आमची गल्ली आठ फुटांची, आणि गाडीचा सायलेन्सर शेजारच्या ओट्यावर बसलेल्या पोरांच्या तोंडाच्या उंचीला येतो. नको म्हणालो.

पावसाळ्याचे वेगळे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ही गाडी नव्हती, पण ते पाणी आम्ही पाहिले आहे. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सेल मारायचा नाही, ढकलत बाहेर काढायची. आत पाणी गेले असेल तर सेल मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यातून निघाल्यावर थोडे अंतर हळूहळू ब्रेक दाबत जायचे, म्हणजे ड्रम सुकतात. आमच्या गाडीला पावसापेक्षाही मोठा शत्रू आहे खारट रस्सा. देगांतून सांडलेले पाणी, मीठ, तेल रबराखाली मुरते आणि पत्रा कुजवते. म्हणून प्रत्येक खेपेनंतर चटई उचलून हौदा धुणे आणि पाणी जायची भोके काडीने मोकळी करणे, हे काम ठरलेले. दर शुक्रवारी भाचा ते करतो, त्याबद्दल त्याची तक्रार नाही.

या सगळ्याची वही मोठ्या वहिनींकडे आहे. ऑइल कधी बदलले, ग्रीसिंग कधी, टायर कोणत्या आठवड्यात बनला (टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2321 म्हणजे 2021 सालचा 23 वा आठवडा), सगळे त्यात. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण गॅरेजवाला त्यांच्या फोनला घाबरतो. पहिली आठ वर्षे पासिंग दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पुढची तारीख त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवली आहे. त्याआधी मागची लाल चमकपट्टी बदलायची आहे, डाव्या कोपऱ्यात ती सुटली आहे.