अडलेला काटा

वजनकाट्याशी आपली गाठ जन्मल्याबरोबर पडते आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं तो आपल्या बाजूचाच असतो. अंगणवाडीत झोळीत टांगलेल्या बाळाचा काटा पुढे सरकला की आईचा जीव भांड्यात पडतो. शाळकरी वयात रेल्वे स्टेशनवरच्या यंत्रात नाणं टाकलं की वजनाच्या तिकिटावर भविष्यही छापून यायचं, आणि दोन्ही वाढतच जाणार अशी खात्री असायची. पुण्यातल्या येरवड्याच्या तुरुंगात तर काटा कायद्यानेच आला. १८९४ च्या कारागृह अधिनियमानुसार कामाला जुंपलेल्या कैद्याचं वजन निदान पंधरवड्यातून एकदा नोंदवायचं, आणि त्या कामाने तब्येत खालावते आहे असं वैद्यकीय अधिकाऱ्याला वाटलं तर कैद्याला त्या कामावरून हलवायचं. २० सप्टेंबर १९३२ रोजी याच तुरुंगात गांधीजींनी उपोषण आरंभलं, तेव्हा घटणारं वजन ही साऱ्या देशाची काळजी होती. आज त्याच येरवड्यात, नदीकडेच्या आयटी कचेऱ्यांतून बाहेर पडणारी मंडळी काटा खाली यावा म्हणून झटतात. दहा किलो उतरवायचे ठरवतात, सात उतरतात आणि मग महिनोन् महिने काटा जागचा हलत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हा अडलेला काटा बहुतेकदा पराभव सांगत नसतो, हिशोब सांगत असतो.

हिशोब असा. शरीर हलकं झालं की ते चालवायला लागणारी ऊर्जाही कमी होते. अमेरिकेतल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याचा ठोकताळा मांडला: रोजच्या खाण्यातून कायमच्या सुमारे २४ कॅलरी कमी केल्या, तर शेवटी एक किलो वजन घटतं. म्हणजे रोज २४० कॅलरी, ढोबळमानाने तेल लावलेल्या दोन पोळ्या, कमी केल्या तर दहा किलो. पण त्यातले निम्मे उतरायला वर्ष लागतं आणि जवळजवळ सगळे उतरायला तीन. सुरुवातीला भराभर, पुढे रांगत. शेवटाशी तर आठवड्याला पन्नास ग्रॅमही घटत नाहीत, आणि एका लग्नाच्या पंगतीतलं लोणचं-पापड, मठ्ठा, जिलबी अंगात पाणी धरून काटा एका दिवसात किलोभर वर नेऊ शकतात. वजन उतरत असूनही काट्यावर दिसत नाही ते त्यामुळे. त्यात शरीराची काटकसर वेगळीच. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन चौथाईने घटलं, पण नुसतं पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा त्याहून अधिक प्रमाणात घटली.

यावर कुणी म्हणेल, ही सोयीची पळवाट झाली; खाणं वाढलं आणि दोष शरीराला. आक्षेपात तथ्य आहे. १९९२ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात, डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्यांनी आपलं खाणं प्रत्यक्षापेक्षा जवळपास निम्मं नोंदवलं होतं, आणि व्यायाम दीडपट. ते खोटं बोलत नव्हते. चहाबरोबरची खारी, फोडणीतलं तेल, मुलाच्या ताटात उरलेला घास यांची नोंद मनात राहतच नाही. म्हणून काटा अडला की आधी दोन आठवडे सगळं लिहून, तेल चमच्याने मोजून पाहावं. गळती सापडली तर तिथेच उत्तर मिळालं.

गळती नसेल, तर मात्र बहुतेकजण चूक करतात ती इथे. रात्रीचं जेवण बंद, भात बंद, एकादशीला जोडून द्वादशीही उपाशी. अशाने काटा हलतो खरा, पण चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे हा सौदा विशेष महाग पडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं शेजारी उभं राहून काढलेलं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२. वरून सडपातळ, आतून चरबीदार असा हा आपला बांधा. याज्ञिकांच्याच गटाला तो पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही आढळला. ज्याच्या अंगात मुळात स्नायू कमी, त्याने शेवटच्या तीन किलोंसाठी तेच खर्ची घालणं मला शहाणपणाचं वाटत नाही. डाळ-उसळ, दही, अंडी वाढवून आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलली, तर काटा कदाचित तिथेच राहील, पण पँट सैल होईल.

पण ध्येय आकड्यातच हवं, नाहीतर शिस्त राहत नाही, असंही म्हणतात. आकडा जरूर असावा. फक्त तो आला कुठून हे विचारावं. सत्तर किंवा साठ यांच्यामागे बहुधा गोल आकड्याचं आकर्षण असतं, नाहीतर लग्नातल्या फोटोची आठवण. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर सांगितली जाते, आणि शिंप्याची टेप काट्यापेक्षा स्वस्त मिळते. घेर त्याच्या आत आणि रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी ठीक असेल, तर उरलेल्या तीन किलोंसाठी कशाला झुरायचं? घेर बाहेर असेल, तर काट्यावर ठरवलेला आकडा दिसला तरी काम बाकी आहे.